आईच्या पैशांमागे धावणारा मुलगा

तुम्ही लहानपणी स्वतःच्याच घरात हेरगिरी केली आहे का?

लगेच नाही म्हणू नका. आई फोनवर हळू बोलायला लागली की पुस्तकात डोकं घालून कान मात्र तिकडे लावायचे. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात काय बोलणं चाललंय, ते पाणी प्यायच्या निमित्ताने ऐकायचं. डाळीच्या डब्यातल्या नोटा मोजायच्या आणि होत्या तशाच ठेवून द्यायच्या. ज्या घरात पैसा मोजूनमापून खर्च होतो तिथली मुलं हे सगळं फार लवकर शिकतात. महिन्याची कितवी तारीख आहे, हे त्यांना कॅलेंडर न बघताही कळतं. त्या दिवशीच्या भाजीवरून कळतं.

मी अशाच घरात वाढले. म्हणूनच असेल, मुलांसाठी लिहिलेल्या हेरकथांमध्ये मला सगळ्यात जवळची वाटते ती एका जर्मन मुलाची गोष्ट. एरिख केस्टनर या लेखकाची 'एमिल अँड द डिटेक्टिव्हज'. १९२९ साली बर्लिनमध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात बंदुका नाहीत, गुप्त यंत्रं नाहीत, देशाचे नकाशे चोरणारे खलनायक नाहीत. एक शाळकरी मुलगा आहे, त्याच्या आईने साठवलेले १४० मार्क आहेत आणि ते पळवणारा एक गोल हॅटवाला माणूस आहे. पुढे शंभर मुलं बर्लिनच्या रस्त्यांवर त्या हॅटच्या मागे लागतात. हसून हसून पोट दुखतं आणि मध्येच कधीतरी घशात आवंढा येतो.

आम्ही इंदूरचे मराठी. बीएला इंग्रजी साहित्य होतं. दुसऱ्या वर्षाला असताना खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला हे पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, आत कुणीतरी पेन्सिलने गणितं सोडवलेली. चाळीस रुपये पडले. घरी येताना बसमध्ये सुरुवातीची पानं वाचली आणि इतकी हसले की शेजारच्या बाई सरकून बसल्या.

सुरुवातीलाच लेखक स्वतःची फजिती सांगतो. त्याला खरं तर दक्षिण समुद्रातल्या बेटांवरची जबरदस्त साहसकथा लिहायची होती. पण तो अडला, कारण देवमाशाला पाय किती असतात ते त्याला आठवेना. मग हॉटेलातल्या एका वेटरने त्याला सल्ला दिला, की जे माहीत आहे त्यावर लिहा. लेखकमहाशय घरी आले, जमिनीवर आडवे झाले, टेबलाचे पाय खालून न्याहाळू लागले आणि तिथे पडल्या पडल्या त्यांना एमिल आठवला. मी आज कंटेंट रायटर आहे. कधीही न पाहिलेल्या बेटांवर 'हनिमूनसाठी सात सुंदर ठिकाणं' असं लिहून पोट भरते. देवमाशाच्या पायांचा विनोद मला जरा जास्तच लागतो.

तर एमिल. एमिल टिशबाइन. नॉयश्टाट नावाच्या लहान गावात राहतो. वडील वारलेले. आई घरीच बायकांचे केस धुऊन, विंचरून, नीट बसवून देते. आज आपण त्याला घरातलं पार्लर म्हणू. पहिल्या प्रकरणात बेकरीवाल्याची बायको केस धुवायला आलेली आहे आणि एमिल गरम पाण्याचा जग उचलून आणतो आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं तशीच बसले. कारण आमच्या घरीही तेच होतं. मी आठ वर्षांची असताना बाबा गेले. आईने सहा महिन्यांचा कोर्स केला, बाहेरच्या खोलीतला सोफा विकला, त्याजागी एक मोठा आरसा आणि फिरती खुर्ची आणली. गीझर नव्हता. गॅसवर पाणी तापवून बादलीतून बाहेर नेऊन द्यायचं काम माझं. पार्लरवालीच्या मुलीचं बालपण कुठल्या पुस्तकात छापून येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि आलं ते थेट जर्मनीहून, नव्वद वर्षांपूर्वीचं!

गेल्या वर्षी पितृपक्षात मी हे पुस्तक आईला वाचून दाखवायचं ठरवलं. पितृपक्षात पार्लर थंड असतं, बायका केस कापायला येत नाहीत. माझं काम घरूनच चालतं. आईला इंग्रजी वाचायची सवय नाही, म्हणून मी वाचायचे आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचे. पुस्तकाची अठरा प्रकरणं, पितृपक्षाचे पंधरा दिवस. हिशोब बरोबर बसला.

खरी गंमत आईच्या शेऱ्यांमध्ये होती. एमिल एकटा रेल्वेने बर्लिनला आजीकडे निघतो. आईने त्याच्याजवळ १४० मार्क दिले आहेत. त्यातले १२० आजीला द्यायचे, २० त्याच्या खर्चाला. आठवड्याला पस्तीसेक मार्क मिळवणाऱ्याची ती चार आठवड्यांची कमाई. आई घरची गरिबी त्याला रडून सांगत नाही, तोही विचारत नाही, पण ही रक्कम किती जड आहे ते त्याला पुरतं ठाऊक आहे. गाडीत तो पुन्हा पुन्हा खिसा चाचपतो. शेवटी संडासात जाऊन पाकीट कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो.

"सगळे पैसे एकाच ठिकाणी?" आई म्हणाली. "थोडे मोज्यात ठेवायचे ना. आणि मुळात पोराच्या हातात द्यायचेच कशाला? मनीऑर्डर करायची."

मी म्हटलं, "आई, मग गोष्ट कशी होणार?"

"गोष्ट नाही झाली तरी चालेल. १४० आहेत ते."

डब्यात समोर गोल हॅटवाला माणूस बसलेला असतो, ग्रुंडआइस नावाचा. तो एमिलला चॉकलेट देतो. इथे आईने कपाळावर हात मारला. आपल्याकडे स्टेशनवर रोज घोषणा होते, अनोळखी व्यक्तीने दिलेलं काही खाऊ नका. इंदूरकडच्या हिंदी पेपरात तर या प्रकाराला खास शब्द आहे, जहरखुरानी. केस्टनरने चॉकलेटात काही होतं की नव्हतं, हे स्पष्ट सांगितलेलं नाही. पण माझ्या आईचा खटला तिथल्या तिथे निकालात निघाला. एमिल झोपतो, भयंकर आणि भन्नाट स्वप्न पाहतो, जागा होतो तर हॅटवाला गायब आणि पाकीटही गायब. टाचणीने त्याच्या बोटाला रक्त येतं.

तो रडतो. लेखक त्याला रडू देतो, आणि हे मला फार आवडलं. तो पैशांसाठी रडतो, आणि आईसाठीही. आईने किती महिने हात भिजवून हे पैसे जमवले, ते आठवून रडतो.

मग पोलिसांकडे का जात नाही? कारण साहेबांच्या नावावर आधीच एक गुन्हा आहे. गावातल्या एका सरदाराच्या पुतळ्याला त्याने आणि मित्रांनी लाल नाक आणि मिशा काढल्या होत्या. गावच्या हवालदाराने ते पाहिलं असावं, अशी त्याला धास्ती आहे. आपण पोलिसात गेलो तर आपल्यालाच धरतील! मोठ्यांच्या डोक्यात कधी येणार नाही असं हे कारण आहे, आणि मुलांच्या डोक्यात ते अगदी पक्कं बसतं. संपूर्ण कादंबरीची चक्रं त्या लाल नाकावर फिरतात.

एमिलला खरं तर पुढच्या स्टेशनावर उतरायचं असतं. तिथे आजी आणि मावसबहीण पोनी फुलांच्या दुकानाजवळ वाट बघत उभ्या असतात. पण हॅट दिसते ती झू स्टेशनवर, आणि तोही तिथेच उतरतो. नवं शहर, खिशात एक पैसा नाही. ट्रामचं तिकीट काढायला पैसे नसतात, तेव्हा पेपर वाचत बसलेला एक अनोळखी माणूस त्याचं तिकीट काढून देतो. (या माणसाला लक्षात ठेवा.) चोर एका कॅफेच्या बाहेर बसून अंडी खातो आणि एमिल समोर पेपरच्या टपरीआड लपून बघत राहतो. तेवढ्यात मागून कर्कश भोंगा वाजतो. वळून बघतो तर गुस्ताव, हातात गाडीचा भोंगा घेऊन फिरणारं बर्लिनचं एक पोरगं.

तिथून पुढची पानं उलटायला मला वेळच पुरेना. गुस्ताव गल्लीतली दोन डझन मुलं गोळा करतो. त्यांच्यात चष्मा घातलेला एक 'प्रोफेसर' आहे, तो सभा घेतो. खाऊचे पैसे एकत्र होतात. परवलीचा शब्द ठरतो 'एमिल'. टॅक्सीतून पाठलाग होतो. चोर उतरला त्या हॉटेलात एक जण नोकराच्या गणवेशात शिरतो. ज्यांनी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या मागे जीव मुठीत धरून सायकली दामटल्या असतील, त्यांना हा वेग ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की इथे एकटा नायक नाही, अख्खी गल्ली नायक आहे. बर्लिनच्या मुलांची ती टोळी एमिलला विचारत नाही की तू कोण, कुठला, तुझे वडील काय करतात. पैसे आईचे होते, एवढं त्यांना पुरतं.

एक प्रसंग मात्र मी आईला दोनदा वाचून दाखवला. रात्री मुलं चौकात बसलेली असताना प्रोफेसर आणि एमिल घरच्यांबद्दल बोलतात. प्रोफेसरचं घर पैसेवालं. वडील बाहेर जातात, आई नाटकाला जाते, पैशांवरून कुणी बोलत नाही आणि एकमेकांसाठी फारसा कुणाला वेळही नाही. एमिल सांगतो की आमच्याकडे पैसा कमी आहे, पण मी आणि आई एकमेकांना सगळं सांगतो. आई मला मोकळं सोडते, आणि म्हणूनच मी लवकर घरी जातो. हे तो थोडं लाजत सांगतो, कारण त्याला कुणी 'आईचं बाळ' म्हणू नये. म्हटलंच तर तो ठोसा मारेल, हेही सांगून ठेवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा सगळा मानीपणा त्यात आला.

आणि आता मंगळवार. या टोळीत एक लहानगा आहे, त्याचं आडनाव डीन्सटाग, म्हणजे जर्मन भाषेत मंगळवार. आईने लगेच त्याला मंगळ्या केलं. मंगळ्याच्या घरी टेलिफोन आहे, म्हणून त्याला काम मिळतं घरी बसून फोन उचलायचं. बाकीचे टॅक्सीने धावताहेत, हॉटेलात शिरताहेत, आणि हा घरी फोनजवळ. त्यालाही जायचं असतं. पण तो उठत नाही. शेवटी चोर पकडला जातो, सगळ्यांचं कौतुक होतं, केक कापला जातो, तेव्हा एमिलची आजी उभी राहते आणि म्हणते की खरं कौतुक या मुलाचं आहे. त्याला जे आवडत होतं ते सोडून तो दिलेल्या जागी बसून राहिला.

पार्लरचा फोन उचलायचं काम माझं होतं. कीपॅडवाला जाड फोन होता, आरशाखालच्या कप्प्यात ठेवलेला. आईचे हात क्रीमने भरलेले असायचे, म्हणून मी शाळेतून आले की अपॉइंटमेंट वहीत लिहायचे. कुणाचं फेशियल, कुणाचं थ्रेडिंग, कुणाची किती उधारी. खाली गल्लीत मुलं लंगडी खेळायची, आवाज वर यायचे. मला कधी कुणी आजीसारखं उभं राहून शाबासकी दिली नाही, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. पण ते पान वाचताना आईने वाचणं थांबवायला सांगितलं. तिला पाणी हवं होतं. ती पाणी प्यायला गेली ती जरा वेळाने आली.

१९३१ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात मंगळवारचं काम करणारा मुलगा, हान्स लोर, पुढे सैन्यात गेला आणि १९४२ साली युद्धात मारला गेला. हे मी आईला सांगितलं नाही. मंगळ्या तिचा फार लाडका झाला होता.

शेवट काय होतो ते सांगून टाकते, कारण ही गोष्ट शेवट माहीत असूनही तितकीच रंगते. सकाळी चोर हॉटेलातून बाहेर पडतो तर मागे मुलं. पुढे मुलं. दोन्ही बाजूंना मुलं. तो वेग वाढवतो, तीही वाढवतात. घाबरून तो बँकेत शिरतो आणि नोटा सुट्या करायला देतो. एमिल ओरडतो की हे पैसे चोरीचे आहेत. पुरावा काय? तेव्हा एमिलला टाचणी आठवते. नोटा उजेडात धरल्या जातात आणि टाचणीची बारीक भोकं दिसतात. आई टाळ्या वाजवून म्हणाली, "बघ, सेफ्टी पिन!" माझ्या आईच्या बांगडीत आजही दोन सेफ्टी पिना लटकलेल्या असतात. तिच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी त्यांनी सुटतात.

हा चोर म्हणजे पोलिसांना हवा असलेला बँकलुटारू निघतो. एमिलला १००० मार्कांचं बक्षीस मिळतं. वर्तमानपत्रवाले येतात. त्यांच्यातला एक जण एमिलला केक खायला घालतो, आणि हा तोच ट्राममधला तिकीट काढून देणारा माणूस! त्याचं नाव केस्टनर. लेखक स्वतःच स्वतःच्या गोष्टीत शिरून, मुलाला केक खायला घालून निघून जातो. एमिल बक्षिसाच्या पैशांतून आईसाठी केस वाळवायचं विजेचं यंत्र आणि फरचं अस्तर असलेला कोट घ्यायचं म्हणतो.

"यंत्र घे म्हणावं," आई म्हणाली. "कोट काय, वर्षातून चार महिने."

आता सगळ्यात मोठा विनोद. शेवटच्या पानावर मोठी माणसं चर्चा करतात, की या सगळ्यातून शिकायचं काय? एमिल म्हणतो, कुणावर विश्वास ठेवू नये. त्याची आई म्हणते, मुलांना एकटं प्रवासाला पाठवू नये. आजी म्हणते, छे, काहीतरीच! पैसे नेहमी मनीऑर्डरने पाठवावेत.

मी हे मराठीत सांगितलं आणि आईकडे बघितलं. आमच्याकडे त्या दिवशी एकुलतं एक गिऱ्हाईक होतं, अप्पर लिप करायला आलेल्या एक गुजराती काकू. काय झालं ते त्यांना कळेना. आई दोरा दातात धरून हसत होती आणि मी खुर्चीवरून पडायच्या बेतात होते. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्याच दिवशी आईने जे सांगितलं होतं, ते बर्लिनच्या आजीने शेवटच्या पानावर सांगितलं!

एमिलच्या गोष्टीचा दुसरा भागही आहे. त्यात गावचा हवालदार, तोच पुतळ्याच्या नाकाचा साक्षीदार, एमिलच्या आईला मागणी घालतो. एमिलला मनातून नको असतं, पण आईचं भलं होईल म्हणून तो हो म्हणतो. आईलाही खरं तर मुलासोबत जसं आहे तसंच राहायचं असतं, पण मुलाचं भलं होईल म्हणून ती हो म्हणते. दोघंही एकमेकांपासून हे लपवतात. तो भाग मी आईला अजून वाचून दाखवलेला नाही.

पुस्तक संपल्यावर मी लेखकाबद्दल शोधत बसले. केस्टनर १८९९ साली ड्रेस्डेन शहरात जन्मला. पूर्ण नाव एमिल एरिख केस्टनर. म्हणजे एमिल हे त्याचंच नाव, आणि त्याच्या वडिलांचंही. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी पुस्तकांची होळी केली, तेव्हा त्याचीही पुस्तकं जाळली गेली आणि तो गर्दीत उभा राहून ते बघत होता. 'एमिल' मात्र तेव्हा वगळलं गेलं, इतकं ते लोकांच्या लाडकं होतं. त्याचे कितीतरी लेखक मित्र देश सोडून गेले. तो राहिला, आणि आईला सोडून जायचं नव्हतं हे त्यामागचं एक कारण होतं. त्याची आई, इडा केस्टनर. राहत्या घरातच केस धुऊन-विंचरून द्यायचं काम करणारी. मुलगा मोठा होऊन दुसऱ्या शहरात गेला तरी जवळजवळ रोज तिला पत्र किंवा कार्ड लिहायचा आणि धुवायचे कपडे पोस्टाने घरी पाठवायचा. जर्मनीतला एवढा मोठा लेखक! आई म्हणाली, "बघ, तूही पुण्याहून बॅगभर धुणं आणायचीस." इंटर्नशिपचे ते तीन महिने ती विसरायला तयार नाही.

१९५७ साली त्याने स्वतःच्या लहानपणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक किस्सा आहे. एका बाईने लग्नघरच्या बायकांचे केस बसवायला म्हणून त्याच्या आईला बोलावलं आणि पत्ता खोटा दिला. सगळं सामान घेऊन आई आणि मुलगा तिथे पोचले तर ना लग्न, ना नवरी. काही दिवसांनी शाळेतून येताना त्या मुलाला तीच बाई रस्त्यात दिसली. तो गुपचूप तिच्या मागे निघाला, ती नोकरी करत होती त्या दुकानापर्यंत गेला आणि आईचे बुडालेले पैसे वसूल झाले. एमिलचा पाठलाग कुठून आला हे शोधायला आणखी लांब जायची गरज नाही, असं मला वाटलं होतं.

पण त्याच पुस्तकात आणखी एक पाठलाग आहे. इडाचं मन मधूनमधून फार खचायचं. शाळेतून घरी आल्यावर मुलाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठी सापडायची, निरोपाची. मग तो घाबराघुबरा होऊन एल्ब नदीवरच्या पुलांकडे धावत सुटायचा, रडत, हाका मारत. बहुतेक वेळा ती कुठल्या तरी पुलावर पाण्याकडे बघत उभी सापडायची. तो तिला हलवायचा, मिठी मारायचा, आणि ती झोपेतून जागी व्हावी तशी भानावर यायची. मग दोघं घरी जायची. कधीकधी ती सापडायची नाही, आणि घरी परतल्यावर थोड्या वेळाने ती स्वतःच यायची.

हे वाचल्यानंतर मी 'एमिल' पुन्हा उघडलं. झू स्टेशन, ट्राम, टपरी, चौक. एक मुलगा अनोळखी रस्त्यांवर एका हॅटवरची नजर हटू देत नाही, कारण हॅट नजरेआड झाली तर आईचं सगळं गेलं. गोष्टीत त्याच्या मदतीला शंभर मुलं येतात. ड्रेस्डेनच्या पुलांवर तो एकटा होता. मला वाटतं, लेखकाने त्या मुलाला मोठेपणी सोबत दिली. माझं हे वाचन चुकीचंही असेल, पण त्या दिवसापासून गुस्तावचा भोंगा मला वेगळाच ऐकू येतो.

आईला हे सांगावं की नाही, मी दोन दिवस विचार करत होते. शेवटी रात्री आम्ही पार्लरचे टॉवेल घडी करत बसलो असताना सांगितलं. सांगायचं कारण होतं.

बाबा गेल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आई रोज रात्री नऊनंतर गच्चीवर जायची, वाळलेले टॉवेल आणायला. दहा मिनिटांचं काम. पण काही रात्री अर्धा तास व्हायचा. मी जिन्यात बसायचे, वरून तिसऱ्या पायरीवर. मनात आकडे मोजायचे. पाचशेपर्यंत आली नाही तर वर जाऊन "आई, भूक लागली" म्हणायचं, असं माझं ठरलेलं. जेवण झालेलं असायचं, तरी म्हणायचं. का मोजते आहे हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिने कधी चिठ्ठी ठेवली नाही, तशी भीती वाटावी असं काही बोलली नाही. तरी मी मोजायचे.

पुलांची गोष्ट सांगून झाल्यावर मी ही जिन्याची गोष्ट सांगितली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

आई टॉवेलच्या घड्या करत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"तू जिन्यात असायचीस ते. जिन्यातला दिवा लागलेला असायचा ना. दाराखालून उजेड दिसायचा."

मला काय बोलावं सुचेना. मी विचारलं, "वर काय करायचीस?"

"रडायचे. आणि हिशोब. दुकानाचं देणं, तुझी फी. खाली रडले असते तर तू बघितलं असतंस." तिने एक टॉवेल झटकला. "मग दाराखाली उजेड दिसला की मीही मोजायचे. म्हटलं, ही किती वेळ बसते बघू."

"आणि?"

"आणि काय. तू नेहमी 'भूक लागली' म्हणायचीस. पोळी-भाजी खाऊन वर परत भूक! तेव्हाच कळलं, हेरगिरी चालली आहे."

आम्ही दोघी हसलो, आणि नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. उरलेले टॉवेल संपले. आईने पाणी प्यायलं, गॅसचं बटण तपासलं, कुलूप लावलं. रोजचंच सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने अचानक विचारलं, "त्या मुलाने हे पुलांचं लिहिलं, ते त्याच्या आईने वाचलं का?"

मी पाहिलं. इडा केस्टनर १९५१ साली वारली. पुस्तक आलं १९५७ साली. म्हणजे नाही. तिच्या हयातीत त्याने एमिलची गोष्ट लिहिली, ज्यात आई बर्लिनला येते, मुलाला मिठी मारते, केक खाते. पुलांची गोष्ट त्याने ती गेल्यावर लिहिली.

"शहाणा मुलगा," आई म्हणाली.

मग मी विचारून टाकलं. तुमच्यासाठी हा लेख लिहायचा माझ्या मनात तेव्हाच आला होता. गच्ची, टॉवेल, जिना, सगळं त्यात येणार होतं. म्हटलं, "आई, मी आपलं लिहिलं तर? तू वाचशील, मावशी वाचेल, गिऱ्हाइकंही फोनवर वाचतील."

तिने कप खाली ठेवला. आरशाकडे बघून केस मागे घेतले. पहिली अपॉइंटमेंट साडेदहाची होती.

"लिही," ती म्हणाली. "पण थ्रेडिंगचा दर लिहू नकोस. दिवाळीला वाढवायचा आहे."